दृष्टीआड

एलेउतेरिओ कार्कामो टोपी चुरगाळत सांगतो:
पेटीतून मोहोळ उठलं, तेव्हा मी दाढी करत होतो, बाईसाहेब.
अर्ध्या गालाला साबण तसाच. धावलो.
चर्चच्या मागून, बटाट्याच्या वाफ्यांवरून,
थेट दोन्या इस्मेनिआच्या सफरचंदावर जाऊन बसल्या.
नजर हटवली नाही मी. दिसतात तोवर आपल्या,
जुने लोक म्हणतात.
मध्ये फक्त एकदा शिंक आली.

मी नोंदवलं: एकदा शिंक.
आन्कुदच्या या न्यायालयात बावीस वर्षं मी सगळंच नोंदवते,
होड्या, गाई, मृत्युपत्रं, कुणाचा पाऊस कुणाच्या छपरावर.

इस्मेनिआ बार्रीआ ओली छत्री मिटत नाही.
कुंपण आहे माझं, म्हणते, नवऱ्यानं घातलेलं.
नवरा एकोणीस वर्षं नाही,
कुंपण थोडंफार आहे.
फोटोत तीन खांब, एक तार,
आणि तारेतून डोकं घातलेली मेंढी, साक्षीला आल्यासारखी.

न्यायाधीश ओयार्सोबाई संहिता उघडून वाचतात:
पेटी सोडून पळालेल्या माश्या दुसऱ्याच्या झाडावर बसल्या
की आपल्या नैसर्गिक स्वातंत्र्याकडे परततात.
माझी बोटं थबकली.
स्वातंत्र्य हा शब्द
या यंत्रावर मी कधी उमटवला होता, आठवेना.

दुपारी पाव मोडताना बाई म्हणाल्या,
हे वाक्य आपलं नाही, वापरून वापरून आपलं झालंय.
रोममध्ये कुणी एक विचार करत बसला, माशी कुणाची?
आणि ठरवलं, दिसते तोवर तुझी,
पाठलाग जमतो तोवर तुझी,
मग जो धरेल त्याची.
सामुद्रधुनीकाठच्या एका सम्राटानं अशी हजारो वाक्यं एकत्र शिवून घेतली.
मग शतकानुशतकं धूळ.
मग बोलोन्यात थंडीनं बोटं सुजलेली पोरं
समासात टिपा लिहायला बसली,
इतक्या, की मजकुराचंच बेट झालं, भोवती समुद्र शाईचा.
तिथून स्पेन, तिथून गलबतं,
तिथून आपण.
आपल्या संहितेनं नजरेची अट गाळली, कुंपण ठेवलं.
पण कार्कामोला ती अट कुणी सांगितली?
तो तर सही करतानाही जीभ बाहेर काढतो.

मग त्यांनी घरून आणलेलं जुनं पुस्तक उलटलं.
हे बघ, त्याच लोकांचं:
पळालेला गुलाम दिसेनासा झाला तरी मालकाचाच.
पळतो म्हणजे काय करतो?
स्वतःलाच चोरतो.
बाईंनी पाव खाली ठेवला. मीही.

तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही,
त्यांच्या मधाच्या पेट्या राखणारा.
नाव कशाला असेल, असलं तर मालकानं ठेवलेलं.
मोहोळ उठलं, हुकूम झाला, धाव, नजर हटवू नकोस.
तो धावला, द्राक्षांतून, ओढ्यातून, टेकडीच्या पलीकडे.
वर माश्या, खाली तो,
दोघं एकाच वेगानं एकाच धन्यापासून लांब जात होते
आणि कायदा फक्त वर बघत होता.
ओकच्या झाडाखाली तो थांबला असेल.
तिथं त्यानं डोळे मिटले असतील.
शिंक नाही, झोप नाही. मुद्दाम.
दहा श्वास.
उघडले, तेव्हा फांदी रिकामी होती
आणि जगात थोडंसं काहीतरी कुणाचंच नव्हतं.
मग तो परत गेला असेल,
सांगायला, की दिसेनात.
पाठीवर काय बसलं, ते पुस्तकात नाही.

तीनच्या ठोक्याला निकाल:
ज्यातून मेंढी आरपार जाते त्याला कुंपण म्हणता येत नाही.
जमीन पडीक, झाड आपसूक उगवलेलं.
वादीला पाठलागाचा हक्क आहे.
एलेउतेरिओनं विचारलं, आता कुठं?
अकरा आठवडे झाले. माश्या सफरचंद सोडून
उल्मोच्या रानात कधीच गेल्या,
पांढऱ्या फुलांत, जिथं कुणाचीच नजर पोचत नाही.
इस्मेनिआ म्हणाली, बघ बापडा, दार उघडंच आहे,
आणि पहिल्यांदा छत्री मिटली.

मी शेवटची ओळ उमटवली, नेहमीचीच:
खर्च ज्याचा त्यानं सोसावा.