तार

गुरुवारी दुपारी हिर्श तार बघायला निघायचा.
गळ्यात दुर्बीण, खिशात खारे बदाम,
मान इतकी वर
की एकदा टपालपेटीलाच "माफ करा" म्हणाला होता.

गळाच्या दोऱ्याएवढी ती तार,
खांबावरून खांबावर,
बेकरी, शाळा, दवाखाना, आमचा जिना,
सगळ्यांना वळसा घालून परत स्वतःला भेटणारी.
एरुव म्हणतात तिला.
ती अखंड असली की आतली सारी घरं मिळून एक घर,
आणि घरातल्या घरात
शब्बाथलाही मूल कडेवर घ्यावं, भांडं शेजारी न्यावं.
तुटली, तर ज्याचा उंबरठा त्याला.

हिर्श गेला. दुर्बीण खुंटीला राहिली.
काम दुसऱ्या कुणी घेतलं असेल, मी विचारलं नाही.
तेरा महिने दाराला दोन कुलपं लावली,
आणि जेवताना रेडिओ,
म्हणजे समोर कुणीतरी बोलत असावं.

मग जानेवारीत माँट्रियलवर काच पडली.
पाऊस म्हणून निघायचा,
फांदीवर पोचेतो बर्फ झालेला असायचा.
रात्रीबेरात्री मेपल मोडत होते, गोळी सुटल्यासारखे.
दिवे गेले. हीटर गेले.
शुक्रवारी सिनेगॉगच्या दारावर हाताने लिहिलेला कागद:
तार पडली आहे. आज सूर्यास्तानंतर
काहीही घेऊन घराबाहेर पडू नये.

काही म्हणजे काहीच.
प्रार्थनेचं पुस्तक नाही, रुमाल नाही,
किल्लीसुद्धा नाही.

माझ्याकडे लाकडाची शेगडी होती, हिर्शच्या हट्टाची.
अख्ख्या जिन्याला तिचा धूर ठाऊक.
मेणबत्त्या लावून बसले, तोच दार वाजलं.

फोर्तुने आल्हारार, समोरच्या, मूळच्या मोरोक्कोच्या,
अकरा वर्षांत आमचं बोलणं
जिन्यातल्या बादलीवरून झालं तेवढंच.
दोन्ही तळवे उघडून दाखवत म्हणाल्या,
"काही आणता आलं नाही."
रिकाम्या हातांनी कुणाकडे जाऊ नये,
त्यांच्या आईने शिकवलेलं, माझ्याही.

मागून पेरेल्सांचे जुळे.
मग म्हातारे झांव्हल उंगार, दाढीत बर्फाचे मणी.
मग तिसऱ्या मजल्यावरची बाळंतीण, बाळ छातीशी.
राब्बी म्हणाले होते, जिवाशी गाठ आली
की नियम बाजूला ठेवायचा आणि मूल उचलायचं.
नऊ. तेरा. सतरा.
दार लावायला उठले तेव्हा ध्यानात आलं,
आज कुणाच्याच खिशात किल्ली नाही,
गल्लीतली दारं नुसती ओढलेली.
मीही नुसतंच ओढलं.

बार्लीचं सूप एकटीपुरतं.
सतरा जणांत चमचा चमचा.
पुरलं कुणालाच नाही. उठलंही कुणी नाही.

झांव्हल गायला लागले, पोलंडच्या कुठल्या खेड्याच्या चालीत.
फोर्तुने बाईंनी तेच शब्द मेकनेसच्या चालीत घेतले.
दोघंही हटेनात.
शेवटी बाळ रडलं तेव्हा मिटलं.
मला हसू आलं,
नवी कवळी बसवल्यासारखं, तोंडाला जरा लागणारं.

मध्यरात्री तळमजल्यावरचा रोलाँ आला,
वीज कंपनीतला, सोळा तास खांबांवर काढून.
शब्बाथला आम्ही आगीला हात लावत नाही,
हिर्शने कधी बोलता बोलता सांगितलं असावं.
न विचारता त्याने दोन ओंडके आत सरकवले
आणि बुटांसकट भिंतीला टेकून घोरायला लागला.

रविवारी मी दुर्बीण काढली.
पदराशी घासून काचा पुसायची सवय हिर्शची,
तो माझ्याच स्वेटरला पुसायचा. मीही तिथेच पुसल्या.
मान वर केली, कटकन वाजली.
शिडीवर रोलाँ, खाली मी रीळ धरून,
पुढे जुळे, कुठे सुटलीय ते ओरडून सांगणारे,
दोघांची उत्तरं वेगळी.

"हिच्यातून वीज तर जात नाही," रोलाँ वरून म्हणाला.
"मग जातं काय?"
मला नीट सांगता येईना.
"सूप," मी म्हटलं.
त्याने मान डोलावली,
जसा काही हाही व्होल्टेजचाच एक प्रकार,
आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.