आठवी ब

जूनमध्ये ती येतात,
कोल्ह्याहून, ताडबोरगावहून, दोन तांड्यांवरून,
एसटीच्या पासाला अजून प्लास्टिकचा वास.
सातवीपर्यंत एकच गुरुजी होते त्यांना,
कुणाची म्हैस व्यालीय, कुणाच्या घरी रात्री भांडण झालं,
सगळं ठाऊक असणारे.
इथं मानवतला पस्तीस मिनिटांनी घंटा होते
आणि माणूस बदलतो.
आठ तासांना आठ तोंडं :
"ए, तू रे, खिडकीजवळचा."

मीही तसंच म्हणायचे.
एकसष्ट नावं, वर्गमूळ, घनमूळ,
पोळ्याच्या आत पहिली घटक चाचणी.

मुंजाजी जुलैत बोलायचा थांबला.
प्रश्न विचारला की उभा राही,
अंगठ्यानं फरशी कोरत,
कानाच्या पाळ्या लालबुंद.
मी वहीत लिहिलं : उत्तर येत नाही.
पुढच्या आठवड्यात : उद्धट.
दोन्ही शब्दांना शाई सारखीच लागली.

मग एका मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागं,
हैबतमामांच्या बकरीला तो
सतराचा पाढा म्हणून दाखवत होता.
सतरा चोकला आवाज वर चढला, चिरकला,
सतरा पाचेला धाडकन तळाला गेला,
जसा पोहरा सुटावा हातातून.
अख्खा पाढा, एक चूक नाही.
बकरी तेवढी हसली नाही त्याला.

मी आल्या पावली मागं फिरले.
बी.एड.ला नऊ पेपर दिले होते मी,
एकातही विचारलं नव्हतं
की लेकराच्या गळ्यात दुसरंच कुणी राहायला आलं
तर त्यानं हजेरी कशी द्यावी.

दुसऱ्या दिवशी म्हटलं,
आजपासून "हजर मॅडम" म्हणायची सक्ती नाही,
ज्याला वाटेल त्यानं बाक वाजवा.
रत्नमालानं वाजवला हलगीसारखा,
तहेसीननं एका बोटानं.
मुंजाजीनं, टक्. एकदाच.
पण मान वर होती.
शेजारच्या वर्गातून सर डोकावले,
"काय बाजार मांडलाय, मॅडम?"
"हजेरी चालूय, सर."

आवाज ओळखीचे झाले आणि मुकेपणही कळायला लागलं.
रत्नमालाचा बाक महिन्यातनं चार दिवस गप्प.
विचारलं, तर कितीतरी वेळानं म्हणाली,
"मॅडम, दाराला कडीच न्हाई तिकडल्या."
कडी अठ्ठावीस रुपयांची होती.
ठराव, मंजुरी, दोन बैठका...
मी घरून पेचकस घेऊन आले.
चार स्क्रूपैकी एक वाकडा बसलाय अजून.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली,
कापसाचे तंतू खिडकीतून येऊन
हजेरीपटावर बसायला लागले.
मी फुंकर मारत नावं घेत होते,
आणि एकोणतिसाव्या नावाला
मागच्या बाकावरून जाड, भरदार :
"हजर."
सगळा वर्ग वळला.
"आरं, ह्यो कुणाचा बाप आला?"
सगळ्यात आधी मुंजाजीच हसला.
मग म्हणाला, "मॅडम, मपलं नाव परत घ्या की एकदा."
घेतलं.

शिवहारचं सांगायचं राहिलं.
त्याचा बाक अकरा दिवस वाजला नव्हता
आणि अकराही दिवस मी
नीट, रेघेत, गैरहजर मांडत गेले.
बाराव्या दिवशी घर शोधलं. कुलूप.
शेजारीण शेंगा फोडत म्हणाली,
"गेले की पुण्याकडं. कामून, ते न्हाई बोलले.
तुमी कोण?"
मी वर्गशिक्षिका, असं म्हणताना
माझाच आवाज चिरकला.

त्याची भूमितीची वही माझ्या कपाटात आहे.
शेवटच्या पानावर एक विशालकोन त्रिकोण,
त्याला डोळे काढलेत, भुवया काढल्यात,
खाली पेन्सिलीनं :
मॅडम, रागावल्यावर.
कोन बरोबर मोजलाय.
एकशे वीस.