कांदा नको

मार्चमध्ये आमच्याकडे पानं गळायला लागतात
आणि विद्यापीठ सुरू होतं.
आचाओहून आधी बोटीनं, मग बसनं
मी वाल्दिव्हियाला आलो,
बॅग उघडली, तर कपड्यांच्या तळाशी बाबांनी ठेवलेला रंधा.
का, ते त्यांनी सांगितलं नाही.
आमच्या घरात कुणीच फारसं सांगत नाही.
होड्या बांधतो आम्ही,
आणि होडीला बोलून दाखवावं लागत नाही.

पहिल्या तासाला सरांनी यादी वाचली:
एलेउतेरियो कार्कामो.
मी एलिसेओ.
हात अर्धा वर केला,
म्हटलं, दुरुस्ती उद्या करू.
उद्या सरांना घाई होती.
परवा मला ताप आल्यासारखं वाटलं.
चौथ्या दिवशी 'हजर' म्हणून मोकळा झालो,
आणि मग तीन महिने कुणी एक एलेउतेरियो
माझ्या जागेवर बसून
माझ्या वहीत टिपणं काढत राहिला.
अक्षर त्याचं माझ्यापेक्षा बरं होतं.

कँटीनची रांग भराभर सरकायची.
पुढचा काहीतरी मागायचा,
मी म्हणायचो, "तेच."
असा मी दुसऱ्यांच्या आवडी जेवलो:
मसूर, कोंबडीचा रस्सा,
एकदा तर गाईची जीभ,
आणि सगळ्यावर कच्चा कांदा,
जो मला लहानपणापासून सोसत नाही.
जीभ चावताना मनात आलं,
हिला तरी कुठे काही बोलता आलं.

खोली ओर्तेन्सियाबाईंकडे, जिन्याच्या वर.
रविवारी खाली त्यांचे भाचे यायचे,
हसण्याचे मजले चढायचे.
मी दाराला कान लावून
ते जायची वाट बघायचो;
एकदा तहानेनं फुलदाणीतलं पाणी पिणार होतो.

मग नदीवर जायला लागलो.
मासळीबाजाराच्या मागे, कठड्याखाली
समुद्रसिंह पसरलेले असतात,
खंडीभर देह, मिशा,
आणि लाज नावाला नाही.
माशाचं एक डोकं फेका,
सगळा काठ डोक्यावर घेतात.
तिथे उभा राहून मी वाक्य घोकायचो:
सर, माझं नाव
एक म्हातारा दर वेळी 'सर'वरच
ढेकर द्यायचा.

जूनमध्ये लाकूड ओळखायचा तास.
ठोकळे हातोहात फिरत होते.
एक मी नाकाशी नेला
आणि वर्ग गेला, खिडक्या गेल्या,
घोट्यापर्यंत भुसा, बाबांची पाठ,
ओला सिप्रेस.
सरांनी फळ्यावर लिहिलं: मान्यिओ.
मी मूग गिळले,
ते घशातच अडकले. खोकलो.
"एलेउतेरियो, काही म्हणायचंय?"

शेजारी मिल्याराय.
तीन महिन्यांत माझ्याकडे फक्त खोडरबर मागितलेली,
तेही बोटानं दाखवून.
ती वहीतून मान न काढता म्हणाली,
"त्याचं नाव ते नाही, सर."
एवढंच. आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

मी आधी लाकडाचं नाव सांगितलं.
मग माझं.
सरांनी ठोकळा बराच वेळ हुंगला,
यादीत खाडाखोड केली.
फळ्यावरचं मात्र पुसलं नाही;
तास संपला तरी तिथे मान्यिओच.

बडबड्या वगैरे झालो नाही मी.
फोन वाजला की अजून
तो थांबायची वाट बघतो.
ओर्तेन्सियाबाईंचं न्हाणीघराचं दार फरशीला घासायचं,
एका दुपारी, कुणी नसताना,
रंध्यानं तासून ठेवलं.
मिल्याराय आणि मी एका बाकावर जेवतो,
दोघंही गप्प,
एका होडीत दोघं वल्हवतात तेव्हा असतं
तसलं गप्प.

आज रांगेत पुढच्यानं काहीतरी मागितलं.
बाई माझ्याकडे वळल्या.
"तेच," मी म्हणालो.
ताट भरलं, कांद्याचा चिमटा वर आला,
"पण कांदा नको."
चिमटा हवेतच थांबला, बाजूला झाला.
मागून, अगदी बारीक,
कुणीतरी म्हणालं,
"तेच."