खटका

सात मिनिटं.
नानांनी घड्याळ लावून पाहिलंय, रोज सात,
फार तर साडेसात.
मग दाराआडच्या पेटीत टक्,
आणि खोलीत नुकताच धरू लागलेला गारवा
मधूनच तुटतो.

बाहेर त्रेचाळीस.
अशोक चौकात डांबर चपलेला धरून ठेवतं.
अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळते.
तंबाखू उडतो म्हणून पंख्याला जन्मभर बंदी,
या नव्या यंत्राचंही तिला कौतुक नाही :
"हप्ताबी भरायचा आन घामबी गाळायचा."

शेजारचे गुंडेटी शेठ म्हणाले,
सोळाचा खटका काढा, बत्तीसचा बसवा,
परत पडला तर मला विचारा.
नवी पेठेतला दुकानदारही तेच म्हणाला.
मी पर्स घेऊन निघालेच होते.

नानांनी खाटेवरून हात आडवा केला.
एकतीस वर्षं मागावर जॉबर होते ते.
"धागा तुटला की माग थांबतो.
थांबला म्हणून मागाला मारतो का आपण?
का थांबला ते बघतो."
एवढ्यानंच त्यांना दम लागला.

दुपारी मैनुद्दीन आला,
डोक्यावर ओला रुमाल, ओठांत दोन स्क्रू.
चिमट्यासारखं मीटर वायरीला लावून
आकडे मोठ्यानं सांगत राहिला,
मी रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर मागच्या बाजूला लिहीत गेले :
सुरुवातीला सात पॉइंट दोन.
तिसऱ्या मिनिटाला नऊ.
पाचव्याला चौदा.
सातव्याचं लिहायच्या आत
टक्.

पेटीतली एक वायर ढिली होती, टोकाला काळी पडलेली.
ती त्यानं सोलून पुन्हा आवळली.
"पण हे नुसतं निमित्त हाय ताई. वर चला."

गच्चीत उभं राहवत नव्हतं.
बाहेरचं युनिट भिंतीला टेकून,
समोर सहा फुटांवर गुंडेटी शेठच्या टॉवेल कारखान्याचा
एक्झॉस्ट, रात्रंदिवस चालू.
युनिटच्या पाठीला जाळी असते म्हणतात.
आम्हाला जाळी दिसलीच नाही.
बोटभर जाडीची रुई,
धुळीनं करडी, तेलकट, नीट पसरलेली.
मैनुद्दीननं एका कोपऱ्याला धरून ओढली
तर अख्खी चादर निघाली,
विणकराशिवाय विणलेली.

"ह्याला श्वासच न्हवता ओ. किती ओढंल बिचारा?"

धुवायला दोन बादल्या लागणार होत्या.
नळ पाचव्या दिवशी येतो. आज चौथा.
मी जिन्यात उभी राहिले, विचारू की नको.
अम्मानं सूप बाजूला ठेवलं
आणि पिंपाचं झाकण स्वतःच काढलं.

नाना म्हणाले, बघू.
त्यांच्या तळव्यावर चिमूटभर ठेवली.
डोळे मिटून त्यांनी ती
अंगठ्यानं चुरली, ओढली, पीळ दिला.
"विसाचं सूत," म्हणाले, "आणि कच्चं."
फेकली नाही.
उशाशी एक्स-रेचं पाकीट असतं,
त्याच्यावर ठेवून दिली.

मग चालू केला.
एसीकडे कुणीच बघत नव्हतं,
चौघांचे डोळे दाराआडच्या पेटीवर.
सहा. सात. साडेसात.
नऊ.
मीटरवर सात पॉइंट चार, हलेना.
मैनुद्दीननं साडेतीनशे घेतले, ताक प्याला, गेला.
अम्मा सूप घेऊन दारापर्यंत सरकली,
आत मात्र आली नाही.

विसाव्या मिनिटाला सगळं गप्प.
धावत जाऊन पेटी उघडली :
खटका वर होता, शहाण्यासारखा.
अख्ख्या गल्लीचीच लाइट गेली होती.
अम्मा आधी हसली, मग मी.

शेजारचे मागही थांबले होते,
कधी नव्हे ते सगळे एकदम.
त्या शांततेत पहिल्यांदा
नानांची छाती नीट ऐकू आली,
आत जाताना एक आवाज, बाहेर येताना दुसरा.
मी घड्याळाकडे बघू लागले.