एकेचाळीस

सकाळी साडेसातला शाळेचं कुलूप काढते.
चावी मुख्याध्यापकांची, जबाबदारी माझी,
असं तीन ठिकाणी सही करून लिहून दिलंय.
झाडू, माठ, गूळ, प्रथमोपचाराची पेटी
(कात्री गेल्या साली हरवली, अजून आणायची आहे).
भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक,
बबन तांडेलाकडून दर मे महिन्यात नव्याने लिहून घेतलेलं.

लोकांना वाटतं, शिबिराची बाई म्हणजे
गाणी, टाळ्या, कागदाच्या टोप्या.
ते पूर्वाली करते, आणि धुरींचा ऋत्विज.
मी मोजते.
सुरूच्या बनात शिरताना, बाहेर पडताना,
पुळणीवर दोरी ताणून उभी असताना,
सरबताच्या रांगेत;
लघवीला गेलेले दोघे बोटांवर वेगळे.
एकेचाळीस.
झोपेतही ओठ हलतात म्हणे.
नवरा सांगतो, तेहतीसला अडखळतेस.

पहिल्या वर्षी एक कमी भरला होता.
एकोणीस मिनिटं.
मग सापडला, वर ओढून ठेवलेल्या होडीत,
जाळ्याच्या ढिगावर गाढ झोपलेला, गालावर मीठ.
आराध्य कुबल.
मी त्याच्या अंगावरची वाळू झटकली,
आणि साडेबाराला त्याला आईच्या हातात दिला,
रोजच्यासारखा.
ती अजून बाजारात थांबून बोलते,
बांगडे बरे मिळाले तर दोन माझ्या पिशवीत टाकते.

यंदा दुसऱ्या मंगळवारी बेचाळीस आले.
परत मोजले. बेचाळीस.
कमी पडण्याची भीती मला तोंडपाठ होती,
जास्तीची काही तयारी नव्हती.
रांगेच्या टोकाला कुणाचीतरी मोठी चप्पल घालून
एक मुलगी सरबताचा ग्लास दोन्ही हातांनी धरून उभी.
"ता गुरख्याचा चेडू, बाई. जोइलांच्या बागेतला."

फॉर्म नाही, रक्तगट नाही,
'पोहता येते का' हा रकाना कोरा.
ऊन उतरल्यावर सडा चढून गेले.
बाप कलमावर होता, झेला हातात.
वरूनच म्हणाला मोडक्या हिंदीत,
हिने समुद्र कधी बघितला नव्हता,
आता रोज विचारते, रात्री तो कुठे जातो.
खाली उतरून सही केली.
कागदावर आंब्याच्या चिकाचा डाग पडला,
तो वाळल्यावर काळा झाला, सहीपेक्षा ठळक.
हजेरीपटात शेवटी, रेघेच्या बाहेर, लिहिलं: बिपना.

पाण्यात गेली नाही ती कधी.
लाट आली की वीतभर मागे सरकायची,
लाट गेली की वीतभर पुढे.
मग माझ्याजवळ येऊन उभी राहायची
आणि माझ्याबरोबर मोजायची,
दोनला दुई म्हणत.
तेहतीसला मी अडखळले की थांबून वर बघायची.
तिचे शेवटी एकेचाळीसच भरायचे.
मी म्हणायचे, चुकलं. परत.
परत एकेचाळीस.
चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं,
ही स्वतःला धरत नाही.

पेट्या संपल्या. कॅनिंगचा माल गेला.
गुरुवारी रात्री टेम्पो सड्यावरून उतरला,
मी आवाज ऐकला, कुणाचा असेल ते मनात आलं नाही.

शनिवारी समारोप. सरपंच, नारळ, माइकची शिट्टी.
मातीचे मासे टेबलावर, त्यात एक डोंगर.
मोजले.
एकेचाळीस. पटाप्रमाणे बरोबर.
"झालं ना, ताई?" पूर्वाली म्हणाली.

आराध्य आता सातवीत, दोरी गुंडाळायला आला होता,
माझ्या खांद्याला लागतो.
त्याची आई फाटकाशी उभी, हातात पिशवी.
वारा फिरला होता, प्रमाणपत्रं उडत होती,
त्यांच्यावर मी ग्लास ठेवला
आणि तिच्याकडे चालत गेले.
म्हटलं, जरा बसाल का?
एक सांगायचं राहिलंय.