खिळ्यावरची किल्ली

सकाळी नऊला किल्ली अर्धी आत गेली आणि अडली.
आधी वाटलं, थंडी.
इथे डुलुथला जानेवारीत पितळही अंग चोरतं.
फुंकर मारली, काडी पेटवून ऊब दिली,
मग चष्मा पुसून पाहिलं:
कुलूपच नवं,
आणि त्याच्याभोवती जुन्याची फिकट कडा,
अंगठी काढलेल्या बोटावर राहते तशी.

बेल वाजवली नाही.
आपल्याच घराची बेल वाजवायची म्हणजे
आपल्यालाच पाहुणा म्हणवून घेणं.
या पायऱ्या मी ओतल्यात,
धक्क्यावरची पाळी संपवून, दिव्याच्या उजेडात,
तिसरीत अजून माझ्या बुटाचा ठसा आहे.

वकीलबाई फोनवर म्हणाल्या,
कलम चौदा, एइनो.
विचारल्याशिवाय कुलूप बदलायचं नाही,
बदललं तर किल्ली त्याच दिवशी मालकाला.
लेखी कळवा, मुदत द्या,
खर्च अनामत रकमेतून वळता करता येईल.
पण दार फोडू नका,
आणि उलट आपलं कुलूप तर मुळीच ठोकू नका.
हक्क तुमचाच आहे.
फक्त तो टपालाने जातो, लाथेने नाही.
मग थांबून म्हणाल्या,
आज जाणार आहात हे तिला आदल्या दिवशी कळवलं होतं ना?

भट्टीची जाळी बदलायची होती, मी म्हणालो.
हे उत्तर नव्हतं.

तरी लिहिली नोटीस. तीनदा.
पहिलीत राग होता,
दुसरीत पाइप: फुटला तर काय,
वर ती रात्रपाळीला, खाली पाणी,
आणि मी दाराबाहेर खिसा चाचपत.
तिसरीत नुसतं कलम.

दुपारी लुसिंडाने दार उघडलं, साखळीएवढंच.
अंगावर हॉस्पिटलचा निळा सदरा, डोळे जागरणाचे.
कागद घेतला, वाचला नाही.
म्हणाली, मंगळवारी सकाळी घरी आले
तर ओट्यावर कप होता. कोमट.
मी कॉफी पीत नाही, मिस्टर हाउताला.
न्हाणीघरातला नळ गळायचा थांबलेला.
त्याची तक्रार मी कुणाकडेच केली नव्हती.

मी म्हणालो, प्लंबर असेल.

कपाच्या तळाशी साखर होती,
न ढवळलेली, ती म्हणाली.
आणि दार लावून घेतलं. हळूच.
नवं कुलूप छान आवाज करतं.

घरी येऊन जॅकेटही न काढता
स्वयंपाकघरातल्या खिळ्यापाशी गेलो.
चार किल्ल्या, चार पुठ्ठ्याचे बिल्ले.
दोन नंबरचा भिंतीकडे तोंड करून.
मी असा टांगत नाही.
माझ्या बहिणीचा वेइक्को
सहा वर्षांचा असल्यापासून साखर ढवळत नाही,
शेवटचा घोट गोड लागावा म्हणून.
दुरुस्त्या तोच करतो माझ्या. हात चांगला आहे त्याचा.
असं मी सगळ्यांना सांगत आलो.

कलम चौदा खरंच आहे.
पान उलटून पुन्हा वाचलं, तिथेच आहे,
माझ्याच सहीच्या वर.
त्यात वेइक्कोचं नाव कुठेच नाही,
आणि खिळ्याचंही.

शुक्रवारी टपालात लिफाफा आला.
आत काहीतरी जड, लहान.
जिथे चिकटवलाय तिथे तिची सही,
अर्धी झाकणावर, अर्धी कागदावर,
उघडला तर मोडेल अशी.
सोबत ओळ: पाणी किंवा आग. बाकी कशासाठी नाही.
अनामतीबद्दल तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

लिफाफा पत्र्याच्या डब्यात ठेवला,
डबा पलंगाखाली.
खिळा पक्कडीने उपटला,
भिंतीचा थोडा पोपडाही आला त्याच्याबरोबर.

आज उणे सव्वीस आहे.
पाइप अजून फुटलेला नाही.
फोन वाजतोय, वेइक्कोचा असणार,
शनिवारी तोच करतो.
नऊ वेळा वाजला.
दहाव्यांदा उचलीन.