शून्य म्हणजे मोकळी तार

तिसऱ्या मजल्यावरच्या लॅन्सी डाबरेने गिटार दिली,
पाठीला चीर गेलेली.
"घरी धूळ खाते, तांडेल, तूच ने."
सोबत एक कागद: सहा आडव्या रेघा,
रेघांवर आकडे.
म्हटलं, आकडे येतात मला.
एकोणतीस वर्षं बॅलार्ड इस्टेटमधल्या या पिंजऱ्यात
स्टुलावर बसून
दुसरं वाचलं काय?

शाळेत अक्षरं रेघेखाली लोंबायची
वलांडीवरच्या बोंबलांसारखी.
इथे आकडा रेघेतच घुसलेला.
कुठली तार ते रेघ सांगते,
कितव्या घरात बोट ते आकडा.
एवढंच.
एवढंच, म्हणून महिनाभर उलटं वाजवलं.

कागदावरची सगळ्यात वरची रेघ
म्हणजे गिटारीची सगळ्यात खालची, बारीक तार,
हे मला कुणी सांगायचं?
मथुरा आतून विचारायची,
"गाणं बसवतोयस की जाळं उसवतोयस?"
शेवटी लॅन्सीने गिटार माझ्या मांडीवर उताणी निजवली.
"आता वरून वाकून बघ."
बघितलं.
जाड तार पोटाशी, बारीक पलीकडे,
कागदावर होती तश्शी.
आमचे आजोबा होडीचे तांडेल,
वाऱ्याला नुसतं नाक लावून दिशा सांगायचे.
मला वर-खाली कळायला महिना लागला,
तेही ज्याचा पगार घेतो ते.

एकाखाली एक आकडे आले की सगळे एकदम.
तीन, दोन, एक, वर दोन शून्यं, एका झटक्यात.
लिफ्टमध्ये असं केलं असतं
तर कपाडियाबाईंनी सोसायटीला पत्र लिहिलं असतं.

आणि ते शून्य.
शून्य आलं की मी थांबायचो.
शून्य म्हणजे काही नाही, असंच ना?
हिशेबात तरी असंच.
तीन आठवडे प्रत्येक शून्यापाशी गप्प बसलो,
गाणं बोळकं झालं.
लॅन्सी डोक्याला हात लावून म्हणाला,
"अरे, शून्य म्हणजे बोट उचल. तार मोकळी छेड!"
दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावर
पितळी पट्टीकडे पाहिलं.
शून्यच कोरलंय तिथे.
जाळी सरकते, खडखड होते,
सगळे बाहेर पडतात.
रोज सगळ्यात जास्त आवाज
तिथेच तर होतो.

उजव्या तळव्यावर हँडलचा जुना घट्टा,
डाव्या बोटांवर चार नवे.
करंगळीचा अजून कच्चा आहे.

एक गोष्ट मात्र या कागदावर कुठेच नाही:
किती थांबायचं.
तीननंतर पाच लिहिलंय,
पण लगेच, की श्वासभराने?
लॅन्सी म्हणतो, ते ऐकावं लागतं.
खरं असेल.
वाडिया सॉलिसिटरांच्या काठीसाठी जाळी किती वेळ धरायची,
चहावाल्या पोराच्या किटलीसाठी किती,
हेही कुणी लिहून दिलं नव्हतं.
मार्चनंतर नवी लिफ्ट येतेय,
दार आपोआप मिटणारी.
तिला कोण सांगणार?

परवा वीज गेली,
तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध अडकलो,
मी आणि कपाडियाबाई.
अंधारात जाळीच्या गजांवर माझी बोटं चालली होती.
"काय मोजताय, तांडेल?"
"मोजत नाही, बाई. वाचतोय."
त्या काही बोलल्या नाहीत.
पर्समधून पेपरमिंट काढून एक मला दिली.
मग दिवा आला, चौथा आला, त्या उतरल्या,
आणि मी कुठवर आलो होतो ते निसटलं.

खाली कुणीतरी
घंटीवर बोट दाबून धरलं होतं.